नदीतून बाहेर या, पण सावकाश

अजून बाहेर येऊ नका. डोकं पाण्याखाली घाला, वर काढा, एक श्वास घ्या आणि पुन्हा बुडी मारा. केस कोरडे होऊ द्यायचे नाहीत, एवढी एकच गोष्ट सध्या लक्षात ठेवा. डोक्यावर गोधडी घेतली असेल तर ती सारखी भिजवत राहा. वारा इतका तापलाय की कापड बघता बघता वाळतं आणि कडेने धुमसायला लागतं. छातीपर्यंतचं अंग गारठून बधिर झालंय आणि गळ्यावरचं पोळतंय. एकाच माणसाला एकाच वेळी हुडहुडी भरते आणि चटकेही बसतात, हे इथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

ही पेश्टिगो नदी. नदीवरून गावाचं नाव पेश्टिगो, राज्य विस्कॉन्सिन, देश अमेरिका, साल १८७१. ऑक्टोबरातल्या एका सोमवारची पहाट उजाडायची आहे. पहाट म्हणायची ती घड्याळापुरती, कारण उजेड रात्रभर आहेच. दोन्ही काठ जळताहेत. पाण्यात तुमच्याभोवती शेकडो माणसं उभी आहेत आणि त्यांच्या अधूनमधून घोडे, गाई, तरंगणारे ओंडके. कालच्या रात्री दहाच्या सुमारास ही मंडळी पाण्यात उतरली. नदीवरचा पूल तेव्हा अजून उभा होता. या काठचे लोक पलीकडे वाचू म्हणून धावले आणि त्या काठचे अलीकडे वाचू म्हणून. दोन्ही लोंढे पुलाच्या मध्यावर एकमेकांवर आदळले आणि पूलही पेटला. ते आठवायला आता कुणाला सवड नाही.

एक गोष्ट तुमच्या कानांना खटकेल. इतकी माणसं आहेत, पण ओरडतंय कुणीच नाही. घसे सुजलेत, आणि तोंड उघडलं की आत जाते ती गरम राख. वाऱ्याचा घोंघाट तेवढा चालू आहे, आणि त्याच्याखाली तळव्यांनी पाणी मारण्याचा चपचप आवाज. प्रत्येक जण स्वतःच्या डोक्यावर आणि शेजारच्याच्या डोक्यावर पाणी उडवतोय. तुम्हीही उडवा. शेजारी कोण आहे हे बघायचं नाही, बघून कळणारही नाही. सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे.

जरा बाजूला व्हा, गाय येतेय. घाबरलेलं जनावर प्रवाहातून मुसंडी मारतंय, आणि पलीकडे ओंडक्याला धरून असलेल्या बाईचा ओंडका तिच्या धक्क्याने उलटला. बाई दिसेनाशी झाली. थांबा, ती बघा. तिने गाईचं शिंग पकडलंय. एका हाताने शिंग, दुसऱ्या हाताने डोक्यावर पाणी मारत ती गाईबरोबर पुढे निघाली आणि वाचली. हे मी रचून सांगत नाही. तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर एक फ्रेंच पाद्री गळ्याइतक्या पाण्यात उभे आहेत, फादर पीटर पर्निन. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि तीन वर्षांनी पुस्तकात लिहिलं. या रात्रीबद्दल आज जगाला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे.

साडेतीनच्या सुमाराला पाणी मारण्याचा आवाज मंदावतो. जळायचं होतं ते जळून संपलं. आता बाहेर या, पण सावकाश. पाय तुमचे राहिलेले नाहीत, आणि काठावरची माती जिथे काळी दिसते तिथे पाऊल टाकू नका, खाली निखारा असतो. वाळूचा उंचवटा शोधा. वाळू रात्रभर तापलीय आणि आता सोसवेल इतकी कोमट आहे. तिच्यात लोळा. खरंच लोळा, लाजू नका, सगळेच लोळताहेत. बूट काढा, मोजे पिळा, पावलं वाळूत पुरून ठेवा. रात्रभर आगीशी झुंजलेली माणसं आता थंडीने मरताहेत. उत्तरेकडचा ऑक्टोबर आहे, अंगावरचे कपडे निथळताहेत, आणि ज्या आगीने सगळं नेलं तिच्याच उरलेल्या उबेपाशी जाऊन बसावं लागतंय.

वास घ्या. आधी राखेचा, मग पाइनच्या चिकाचा, तो नाकात चिकटून बसतो. हे गाव सगळंच्या सगळं लाकडाचं होतं. घरं लाकडाची, रस्त्याकडेचे पदपथ फळ्यांचे, रस्त्यांवर लाकडाचा भुसा अंथरलेला. इथला कारखाना लाकडी बादल्या, टब, झाडूचे दांडे आणि कपड्यांचे चिमटे बनवायचा, आणि या प्रकारच्या मालाचा तो देशातला सगळ्यात मोठा कारखाना समजला जाई. जुलैपासून पाऊस असा झालाच नाही. दलदली सुकून गेल्या आणि त्यांच्या तळाची वाळलेली माती आतल्या आत जळत राहिली. रेल्वेचा मार्ग मोकळा करणारे मजूर तोडलेला पालापाचोळा जागेवरच पेटवत होते, शेतकरी जमीन साफ करायला झुडपं पेटवत होते. गेले कित्येक आठवडे धूर इतका दाट होता की जवळच्या ग्रीन बे उपसागरातल्या बोटी भर दिवसा भोंगे वाजवत चालायच्या. आग गावाच्या वेशीपर्यंत येऊन एकदा परतही गेली होती. तेव्हा लोकांनी पिंपं भरून ठेवली, घरांवर पाणी मारलं, आणि वाचलोय असं समजून पुन्हा कामाला लागले. म्हणून त्यांना बेसावध म्हणणं मला पटत नाही. रोज धुरात उठणाऱ्या माणसाला आजचा धूर वेगळा आहे हे कशावरून कळावं? काल संध्याकाळी वारा फिरला आणि रानातल्या सगळ्या लहानसहान आगी एक झाल्या, एवढंच घडलं.

उजाडलं. डोळे चोळू नका. चुरचुरताहेत, माहीत आहे, पण चोळलेत तर अजून सुजतील. तुमच्याभोवतीचे कित्येक जण आत्ता आंधळे आहेत. उष्णतेने आणि धुराने पापण्या मिटून गेल्यात. फादर पर्निनना स्वतःलाही धड दिसत नाही. आणि आता कुठे आवाज फुटायला लागलेत. नावं ऐकू येताहेत. जर्मन नावं, स्वीडिश आणि नॉर्वेजियन नावं, आयरिश, कॅनडातून आलेल्या फ्रेंचांची. ज्याला दिसतंय तो आंधळ्याचा हात धरून चाललाय आणि आंधळा हाका मारतोय. हाकेला ओ आली तर दोघंही जागच्या जागी बसतात आणि रडतात. ओ आली नाही तर पुढच्या घोळक्याकडे जातात.

आता गावाकडे मान वळवा. गाव नाही. रस्ते कुठे होते ते राखेच्या रंगातल्या फरकावरून ओळखायचं. विटांची काही धुराडी, बॉयलरचा सांगाडा, मुरगळलेलं लोखंड. एक घर मात्र उभं आहे. ते अजून बांधून पूर्ण झालं नव्हतं आणि त्याचं लाकूड ताजं, ओलं होतं, म्हणून ते पेटलं नाही. कुणाचं ते माहीत असो नसो, लोक त्याच्याकडे बघत उभे राहतात.

भूक लागली असेल. शेजारच्या शेतातून काही जण कोबीचे गड्डे घेऊन आलेत. बाहेरची पानं भाजून करपलीत, ती काढून टाका. आतला भाग पातळ चिरून वाटला जातोय. घ्या. पहिला घास जिभेवर राखेसारखा लागेल, पण नंतर पाणी सुटतं, गोडसर, थंड. सुजलेल्या घशाला त्याने जेवढं बरं वाटतं तेवढं आज दुसऱ्या कशानेच वाटणार नाही. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी चोखायला दांडा ठेवा.

कारखाना चालवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी एक मोठा तंबू ठोकलाय, बायका, मुलं आणि आजाऱ्यांसाठी. फादर पर्निन त्यात जाऊन एका कोपऱ्यात अंग चोरून पडले, कुणाला अडचण नको म्हणून. तंबूवर नेमलेल्या माणसाने त्यांना पाहिलं आणि शिव्या घालत बाहेर जायला सांगितलं, पुरुषांना इथे जागा नाही म्हणून. पाद्री काही बोलले नाहीत. कापडाच्या खालून सरपटत बाहेर गेले. मला हा प्रसंग मुद्दाम सांगावासा वाटतो. संकटात माणसं देव होतात असं आपल्याला ऐकायला आवडतं. होतातही काही. पण तो तंबूवाला रात्री कुठून आला, त्याचं कोण गेलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. कदाचित नियम पाळणं एवढीच एक गोष्ट त्या सकाळी त्याला जमत होती.

मॅरिनेटहून गाड्या आल्या की चढा. मॅरिनेट इथून दहा-अकरा किलोमीटर, म्हणजे एरवी अगदी जवळ. आज मात्र वाटेवर जळलेली झाडं आडवी पडलीत. गाडीपुढे माणसं कुऱ्हाडी घेऊन चालताहेत, तोडताहेत, बाजूला लोटताहेत, गाडी चार पावलं पुढे जाते. गाडीच्या तळाशी गवत आणि त्यावर भाजलेली माणसं. धक्का बसला की कण्हण्याचा एकच आवाज गाडीभर पसरतो. तुम्हाला चालता येत असेल तर उतरा आणि जागा द्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचं की नाही हे तुमच्यावर सोपवतो. शेतात काही माणसं पडली आहेत, आणि त्यातल्या काहींच्या अंगावर जळल्याची खूणसुद्धा नाही. हवाच श्वास घेण्याजोगी राहिली नव्हती. विहिरीत उतरून बसलेले लोकही असेच गेले.

मॅरिनेटही पूर्ण वाचलेलं नाही. त्याचा एक भाग जळालाय, फादर पर्निन यांचं तिथलं चर्च आणि घर गेलंय. पण बाकीच्या गावाने दारं उघडलीत. डनलॅप हाऊस नावाच्या हॉटेलचं आता इस्पितळ झालंय. आत शिरा. जिन्याच्या पायरीपासून माणसं ओळीने निजवलीत. तेलाचा वास, भाजलेल्या कातडीचा वास, आणि त्या दोन्हींवर मात करून येणारा कॉफीचा. गावातल्या बायका चादरी फाडून पट्ट्या करताहेत. फाडण्याचा तो टर्र-टर्र आवाज दिवसभर थांबत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहाल तर अंगावर वाफ येते. भांडं उतरतं न उतरतं तोच पुढचं चुलीवर चढतं. या बायकांपैकी जवळपास कुणाचंच नाव तुम्हाला पुस्तकात सापडणार नाही. आपलं घर जळता जळता वाचलेलं, वारा अजून पडलेला नाही, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला खायला घालायचंय. मला विचाराल तर या आठवड्याच्या खऱ्या सूत्रधार त्याच.

तुम्हाला वाटेल, एवढं झालं म्हणजे एव्हाना सगळ्या देशाला कळलं असेल. नाही कळलं. तारेचे खांब जळून गेलेत. निरोप बोटीने ग्रीन बे शहरापर्यंत जायचा, तिथून तारेने पुढे. आणि योगायोग असा की त्याच रविवारी रात्री शिकागो शहर पेटलं. देशाचे डोळे तिकडे लागले, मदतीच्या गाड्या तिकडे निघाल्या. शिकागोत सुमारे तीनशे माणसं गेली. इथला खालचा अंदाजच बाराशेच्या आसपास आहे, आणि वरचा अडीच हजारांपर्यंत जातो. अमेरिकेत वणव्याने एवढे बळी त्याआधी घेतले नव्हते आणि नंतरही घेतलेले नाहीत. तरी आज शिकागोची आग शाळकरी मुलालाही माहीत असते आणि पेश्टिगो हे नाव नकाशात शोधावं लागतं.

जरा मॅडिसनला डोकावून येऊ, राज्याच्या राजधानीत. मंगळवार सकाळ. मॅरिनेटचे लाकूड व्यापारी आयझॅक स्टीफन्सन यांचा निरोप तारेने इथे पोचलाय आणि तो घ्यायला कचेरीत मोठा अधिकारी एकही नाही. गव्हर्नर ल्यूशियस फेअरचाइल्ड आणि बाकीचे सगळे मदत घेऊन शिकागोला गेलेत. कारकून तार हातात धरून गव्हर्नरांच्या घरी पळाला. दार उघडलं त्यांच्या पत्नीने, फ्रान्सेस फेअरचाइल्ड यांनी, वय पंचविशीचं. त्यांना कसलाही अधिकार नव्हता. त्यांनी स्टेशनवर शिकागोसाठी भरून तयार असलेला मालडबा उत्तरेकडे वळवायला लावला. मग लक्षात आलं की डब्यात खायचं आहे, कपडे आहेत, पण पांघरूण नाही. लगेच शहरातल्या बायकांना निरोप गेले आणि घराघरांतून घोंगड्या आल्या. फलाटावर त्या घोंगड्या कोंबताना तुम्हीही हात लावा. लोकरीला कापराचा, तंबाखूचा, कुणाच्या तरी पलंगाचा वास आहे. डबा हलला तेव्हा राजधानीतला कारभार एक तरुण बाई चालवत होती आणि त्या दिवशी तो कुणाही पुरुषाने चालवला असता त्याहून कमी चांगला चालला नाही.

पाऊस शेवटी आला. ज्याची तीन महिने वाट पाहिली तो आता, जळायचं काही शिल्लक नसताना. त्याने राखेचा चिखल केला आणि सगळ्या परिसराला ओल्या कोळशाचा कुबट वास आणला. कपड्यांना, केसांना, पावाला, सगळ्याला तोच वास.

या चिखलातून आता पेश्टिगोला परत जायचंय. जायला कुणाचं मन होत नाही आणि न जाणं शक्यही नाही. हातात फावडं घ्या. लोक आपापल्या घराच्या जागी उकरताहेत. शरीरावरून ओळख पटणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलंय, म्हणून शोधायची ती वस्तू. खिशातला चाकू. किल्ल्यांचा जुडगा. अंगठी. एक माणूस मूठभर राख तळहातावर पसरून त्यातलं बटण निवडतोय. बटण बायकोच्या झग्याचं आहे की नाही हे तो किती वेळ ठरवतोय. त्याला घाई करू नका. बाजूला बसा, नाहीतर पुढची जागा उकरायला घ्या. बटण तिचं ठरलं तर त्याला पुरायला काहीतरी मिळेल.

चर्चची जागा ती. घंटा पंधरा-वीस मीटरवर फेकली गेलीय. अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी वितळून वाळूवर चांदीच्या ओघळांसारखी थिजलीय. हात लावून बघा, गार आहे आता. बोटाला ओघळाची कड लागते, गुळगुळीत.

फादर पर्निन परत आलेत, डोळे अजून लाल. आगीच्या रात्री ते घर सोडून निघाले ते चर्चमधला पवित्र प्रसादाचा लाकडी देव्हारा गाडीवर चढवूनच. वाऱ्यात गाडी ओढत नदीपर्यंत आणली आणि देव्हाऱ्यासह पाण्यात लोटून दिली. आता त्यांच्या मंडळींतला एक जण धावत येऊन सांगतोय की देव्हारा सापडला. चला बघायला. काळ्या, करपलेल्या ओंडक्यांच्या मधोमध एका ओंडक्यावर तो बसलाय, पांढरा, डागसुद्धा नाही. फादरनी तो लगेच हलवला नाही. दोन दिवस तिथेच राहू दिला, ज्याला बघायचंय त्याला बघू दे म्हणून. काठावर माणसांची रांग लागली. त्यात कॅथलिक होते आणि नसलेलेही. देवावर विश्वास असो नसो, सगळं जळाल्यावर एक वस्तू जशीच्या तशी बघायला मिळणं याची किंमत त्या रांगेत उभं राहिलं की कळते. तो देव्हारा आजही गावच्या संग्रहालयात आहे.

सगळ्यात अवघड काम अजून बाकी आहे. वही घेऊन एक जण नावं लिहितोय. कोण होतं, कुठल्या घरात, किती मुलं. पण सांगणार कोण? शुगर बुश म्हणतात त्या आसपासच्या वस्त्यांत घरंच्या घरं गेली. नवरा, बायको, पोरं, शेजारी, सगळे एकाच रात्री. गावच्या नोंदी जळाल्या. कंपनीच्या खानावळीत राहणाऱ्या मजुरांपैकी कितीतरी जण चार दिवसांपूर्वीच आले होते, त्यांची नावं धड कुणी विचारलीसुद्धा नव्हती. एखाद्या लाल केसांच्या पोराबद्दल लोक सांगतात, कुठून तरी आला होता, हार्मोनिका वाजवायचा, बस. वहीत त्याचं काय लिहायचं? सुमारे ३५० जणांना शेवटी एकाच खड्ड्यात पुरावं लागलं, कारण त्यांना ओळखू शकेल असं कुणी जिवंत राहिलेलं नव्हतं. दोन वर्षांनी राज्याच्या विधिमंडळाच्या कामकाजात १,१८२ मृत आणि बेपत्ता लोकांची यादी छापली गेली. तुम्ही पुढे कधी ती वाचलीत तर नाव नसलेल्यांनाही तिच्यात धरून वाचा.

एक घर वाचल्याचं सांगतात, शुगर बुशमधलं. घरधनी गोरा शेतकरी, बायको तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. तिच्या माहेरच्यांना रानाची लक्षणं कळत होती. त्यांनी घराभोवतीची जमीन मोकळी केली, छपरावर ओली कांबळी टाकली आणि रात्रभर भिजवत ठेवली. सकाळी आसपासचे वाचलेले लोक सरपटत त्याच दाराशी आले आणि त्याच दाराने त्यांना आत घेतलं. लग्नामुळे या जोडप्याशी फटकून वागणारेही त्यांत असणार.

मदतीचा ओघ सुरू झालाय. गव्हर्नर परतले, त्यांनी लोकांना आवाहन केलं आणि लष्कराच्या कोठारांतून माल मागवला. गोदामाच्या दारात या. चार हजार लोकरी कांबळी, दीड हजार विजारी, दीड हजार ओव्हरकोट, शंभर गाड्या घोड्यांच्या सरंजामासकट, आणि दोन लाख माणसांना एक दिवस पुरेल इतका शिधा. कडक बिस्किटं, घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, साखर, कॉफी आणि तांदूळसुद्धा. पोत्यात हात घालून तांदूळ बोटांतून सोडा, मराठी माणसाला तेवढंच ओळखीचं काहीतरी. रांगेतल्या नॉर्वेजियन आजींना मात्र तो कसा शिजवायचा याची खात्री नाही. त्यांना सांगा, पाणी दुप्पट घाला आणि झाकण काढू नका.

ओव्हरकोट चढवा. निळा, जाड, यादवी युद्ध संपल्यावर कोठारात पडून राहिलेला. खांद्यावर ओझं वाटेल आणि दोन मिनिटांत पाठ उबदार होईल. दीड हजार कोट वाटले म्हटल्यावर बघावं तिकडे हाच कोट. शेतकरी, गिरणीकामगार, दुकानदार, सगळे दुरून शिपायांसारखे दिसताहेत. लहान मुलांच्या अंगात तो टाचेपर्यंत येतो. चिखलात घोळ ओढत ती पोरं एकमेकांमागे पळताहेत. हो, पळताहेत, खेळताहेत. आग लागून फार दिवस झालेले नाहीत. त्यांच्याकडे बघून एखादी बाई खेकसते आणि मग एकदम गप्प बसते. तिला खेकसण्यासाठी घरचं कुणी उरलेलं नाही हे शेजारणीला माहीत आहे. शेजारीण त्यातल्या एका पोराला हाक मारते आणि तिच्यासमोर बसवून केस विंचरायला देते.

कंपनीचे मालक विल्यम ऑगडेन गावात येऊन गेले. शिकागोचे पहिले महापौर हेच. एकाच रात्रीत त्यांचं शिकागोतलंही जळालं आणि इथलंही. गाव पुन्हा उभं करू म्हणाले. नदीच्या मुखाशी, पेश्टिगो हार्बरला त्यांची गिरणी वाचली होती, तिथल्या फळ्यांवर घरं उभी राहायला लागली. बादल्यांचा कारखाना मात्र पुन्हा कधीच बांधला गेला नाही. उपसागराच्या पलीकडच्या काठावर, जिथे त्याच रात्री दुसरी आग फिरली, तिथल्या बेल्जियन शेतकऱ्यांनी वेगळा निर्णय घेतला. ते परत घरं बांधू लागले ती लाल विटांची. आजही त्या भागातून गेलात तर ती रांगेने दिसतात. लाकडाच्या मुलखात राहून लाकडावरचा विश्वास उडालेल्यांची ती घरं, बघण्यासारखी आहेत.

इकडे पेश्टिगोत लोकांना पुन्हा लाकडाकडेच जावं लागलं. रानात लाखो पाइन उभ्या उभ्या जळालेत. बाहेरून काळे, पण आतला गाभा अजून चांगला. ते याच हिवाळ्यात तोडायला हवेत. उन्हाळा लागला की किडे शिरून लाकूड पोखरून टाकतील. त्यामुळे बर्फ पडायच्या आधीच लाकूडतोड्यांचे तळ लागताहेत आणि मुकादमाच्या टेबलापुढे रांग आहे. ज्या रानाने माणसं नेली त्याच रानात मजुरीला जायचं, दुसरी मजुरी नाही. झाडाला हात लागला की तळवा काळा होतो, कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाबरोबर कोळशाची भुकटी उडून नाकात जाते. संध्याकाळी तळावर परतलेले सगळे पुन्हा तसेच काळे. काही जण पहिल्या आठवड्यातच काम सोडून गेले. बाकीच्यांनी तोंडाला फडकं बांधलं.

तुमची परतायची वेळ झाली. रांग सोडण्याआधी कोट काढा. मागे एक पोरगा उभा आहे, पंधरा-सोळा वर्षांचा. उद्या पहाटे त्याला तळावर निघायचंय आणि अंगात कुठूनतरी मदतीत आलेला पातळ, शहरी डगला आहे. त्याच्या हातात कोट द्या. बाह्या लांब होतात म्हणेल. दुमडून घे म्हणावं, आणि डाव्या खिशात बिस्किटं आहेत, ती आजच खाऊन टाक, तळावर पोचेपर्यंत ओली होतील.